परत फिरलेलं यान

विज्ञानकथांच्या त्या मासिकाचे वाचक कथा वाचत नसत, तपासत. वाण्याच्या तराजूकडे गिऱ्हाईक पाहतं तसे ते लेखकाच्या ग्रहताऱ्यांकडे पाहत. त्यांच्यासाठी अंकाची शेवटची पानं राखलेली असत. वाचकाने कथेतली वैज्ञानिक चूक दाखवायची आणि लेखकाने खाली उत्तर द्यायचं. एक तर गणित मांडून हरकत खोडायची, नाहीतर दोनच शब्द लिहायचे: चूक मान्य. मान्य झालेली चूक वर्षअखेरच्या संग्रहात दुरुस्त होऊनच छापली जाई. भल्याभल्यांनी तिथे माना तुकवल्या होत्या.

ताज्या अंकातल्या कथेची लेखिकाही लिहायला लागण्यापूर्वी अशीच एक वाचक होती. एका मातब्बर लेखकाचा धूमकेतू तिने एका दशांश चिन्हावरून खाली उतरवला, तेव्हापासून सगळे तिला दशांशबाई म्हणत. आता त्याच दशांशबाईंच्या कथेत, मुलीच्या आजारपणाचा निरोप मिळताच एक आई आपलं यान अर्ध्या वाटेतून परत फिरवत होती. वाचकांना आयतं कोलीत मिळालं होतं.

सकाळी पत्रांचा गठ्ठा आला आणि पाठोपाठ संपादकांचा फोन.

“ताई, एवढी पत्रं आजवर कुठल्याच कथेला आली नाहीत. कौतुकाचं मात्र एकच आहे, तेही माझ्या मेहुण्यांचं.”

“काय म्हणतात मेहुणे?”

“अक्षर मोठं होतं म्हणे, वाचायला बरं पडलं.”

ती हसली. संपादक हसले नाहीत. “उत्तर परवापर्यंत हवं. मान्य केलंत, तर संग्रहात यान पुढे जाईल. नसेल करायचं तर गणित द्या. तुम्हाला मी काय शिकवायचं!”

तिने पत्रं उघडली. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणाऱ्या दशांशबाईंना स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसू नये?’ अशी एकाची सुरुवात होती. ‘बाई, ही सायकल नव्हे, हँडल वळवलं की वळायला,’ असं दुसऱ्याने बजावलं होतं. एका निवृत्त खलाशाने मात्र समजुतीच्या सुरात लिहिलं होतं, ‘यानात इंधन आहे ते मुक्कामाला पोहोचून थांबण्यापुरतं. ते वाटेतच थांबण्यात संपेल. मग परत निघायला काय उरलं? तुमची आई धड ना इकडची, ना तिकडची, काळोखात लोंबकळत राहील.’

सगळ्यांत खाली एक छोटं पत्र होतं. ‘पोर तापाने फणफणलेली असताना कुठली आई इंधनाचा काटा बघत बसते?’ त्यावर संपादकांनी लाल शाईत शेरा मारला होता: ही हरकत नव्हे; छापता येत नाही.

त्या शेऱ्यावर ती कितीतरी वेळ बोट ठेवून बसली. चूक तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

तीन हिवाळ्यांपूर्वी ती डोंगरावरच्या हवामान केंद्रात होती. बर्फाने रस्ता मिटला की वसंतापर्यंत तिथून कुणी उतरत नसे. खाली शहरात नवरा आणि त्यांची छोटी लेक, चिमणी. चिमणीच्या छातीत कफ झाल्याचा निरोप आला, मग दवाखान्यात नेल्याचा, आणि मग एक निरोप असा आला, की ज्यानंतर निरोपांची गरजच संपली. बर्फ वितळल्यावर ती घरी पोहोचली, तेव्हा दारामागच्या खुंटीला चिमणीचा छोटा रेनकोटसुद्धा नव्हता. तेव्हापासून नवराबायको भाजी, गॅस आणि विजेचं बिल यांविषयी बोलत.

आज त्याच्या चष्म्यांच्या दुकानाला सुट्टी होती. दुपारी चहाचा कप तिच्यापुढे ठेवताना त्याची नजर वरच्या पत्रावर गेली आणि तिथेच खिळली. तो उभ्याउभ्याच वाचू लागला. दुसरं पत्र, तिसरं.

“खरंच फिरत नाही का गं ते यान?”

“नाही फिरत.”

“मग लिहिलंस कशाला?”

त्याने पत्र खाली ठेवलं. “तेव्हाही असाच हिशोब केला होतास?”

तीन वर्षं तो प्रश्न त्या घरात भिंतीतल्या ओलीसारखा मुरत होता. आज तो उजेडात आला, तेव्हा तिला भीतीऐवजी थकवाच वाटला.

“रोज करत होते. चालत उतरले तर किती, दोर लावून उतरले तर किती. एकदा निघालेही. पहिल्या वळणावरून केंद्रातल्या दोघांनी ओढत परत आणलं.”

“मला सांगितलं नाहीस कधी.”

“तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. “दाखव. मांड माझ्यासमोर.”

तिने कोरा कागद घेतला. यानाचं वजन, वेग, इंधन. भिंगांच्या आकड्यांत आयुष्य घालवलेला तो माणूस ओळीमागून ओळ डोळे बारीक करून पाहत होता.

“सामान टाकून दे.”

“टाकलं.”

“यंत्रं?”

“तीही टाकली.”

“माणसं कमी कर.”

“एकच आहे.”

त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “मग घरी पोहोचल्यावर थांबायचं इंधन धरू नकोस. आदळू दे.”

“आदळलं तर भेटणार कशी?”

“दारापर्यंत तरी येईल.”

तिने तेही वजा केलं. उत्तर जवळ सरकलं, पण पुरलं नाही.

“पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. आकड्यांना पाझर फुटत नाही. दोघांच्या डोक्यांची सावली कागदावर एक झाली होती आणि तिच्याखाली तीच उणी संख्या निमूट पडून होती.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “मनावर घेतलं असतंस तर आली असतीस.” इतकी वर्षं तो त्या रागाला टेकून उभा होता. आता टेकायला काहीच नव्हतं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो त्याने काढला नाही.

काही वेळाने तिने खलाशाच्या पत्राखाली ‘चूक मान्य’ हे दोन शब्द लिहिले आणि सही केली.

“आता कुठे जाणार ते यान?”

“पुढे. निघालं होतं तिकडेच.”

“आणि मुलगी?”

“ते लिहावं लागेल. शेवट बदलायचाय ना.” तिने दुसरा कागद पुढे ओढला, पेन टेकवलं, पण अक्षर उमटेना. “घरात पुढे काय होतं, ते त्या आईला ठाऊकच नाही. काय लिहू मी?”

त्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“मी होतो ना तिथे,” तो म्हणाला. “सांगतो. सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. उशी उंच करून दे म्हणाली...”

ती लिहू लागली.