दोन पडदे खाली

दादाचे समोरचे चार दात खोटे होते आणि ते त्याच्या धाकट्या बहिणीने केले होते. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यावरून मेणात दात कोरायचे, रंग जुळवायचा, कडा घासायच्या. तीस वर्षं हेच. दादाचे दात करताना डावीकडचा एक तिने मुद्दाम किंचित वाकडा ठेवला, कारण मूळचाही तसाच होता. कुणाला शंकासुद्धा आली नाही. दादा चारचौघांत सांगायचा, "साठी आली, पण बत्तीसच्या बत्तीस शाबूत." ती शेजारी बसून ऐकायची. त्याचं तिला काही नव्हतं. दात कुणी केले हे पेशंट सांगत नसतात आणि लॅबवाल्यांनी सांगायचं नसतं.

त्या धुनेचं मात्र तसं नव्हतं.

ती सतरा वर्षांची असताना घरात एकच गिटार होती, दादाची. तो कॉलेजला गेला की ती मागच्या पायरीवर बसून वाजवायची. शिकवायला कोणी नाही. चुकत, बोटं सोलून घेत तिने एक धून बसवली, अकरा सुरांची, शेवटाला हळूच वर चढणारी. एक दिवस दादा लवकर घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, "परत वाजव." तिने वाजवली. तिला वाटलं, त्याला आवडली. आवडली होतीच. पंधरा दिवसांनी कॉलेजच्या कार्यक्रमात ती तिसऱ्या रांगेत बसलेली, आणि दादा माईकवर सांगत होता, "या गाण्याची सुरुवात मला पहाटे स्वप्नात सुचली." आयत्या बिळावर नागोबा असतो हे तिने ऐकलं होतं. त्या नागोबाला वर स्वप्नंही पडतात हे त्या दिवशी कळलं.

घरी येऊन ती आईपाशी रडली. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "भावाबहिणीत तुझं-माझं कसलं गं? आणि तुला कुठं स्टेजवर जायचंय?" त्या दिवशी तिने गिटारला हात लावायचं सोडलं ते तेहतीस वर्षं. डूख मात्र धरून ठेवला.

पन्नाशीत, मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यावर, तिने स्वतःच्या पगारातून गिटार घेतली. पहिले सहा महिने बोटांना चिकटपट्ट्या लावून ती लॅबमध्ये साचे ओतायची. नवरा म्हणाला, "या वयात हे काय खूळ?" आणि आठवड्याभरात स्वतःच बिनहातांची खुर्ची घेऊन आला, कारण हाताच्या खुर्चीत गिटार मावत नव्हती. पुढे ती एका हौशी बँडमध्ये शिरली. टायरच्या दुकानावरच्या खोलीत शनिवारी दुपारी सराव. ड्रमवर टायरवाला, गायला औषधवाला. कुणी चुकलं की औषधवाला म्हणायचा, "जेवणानंतर दोनदा वाजवा, फरक पडेल." वाढदिवसाला वगैरे त्यांना बोलावत. तिथे कुणी कुणाचं काही चोरत नव्हतं. चोरण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

दादाचा कॉलेजपासूनचा बँडही अजून चालू होता. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दहा दिवसांवर आला आणि त्यांचा नेहमीचा गिटारवाला जिन्यावरून पडून मनगट मोडून बसला. दादाचा फोन आला.

"छोटी, तू हल्ली वाजवतेस म्हणे. ये. अवघड काही नाही, तुलाही जमेल."

पंचावन्न वर्षांची छोटी गेली.

सरावाच्या पहिल्याच दिवशी कीबोर्डवाल्याने तिला बाजूला घेतलं. हा दादाचा कॉलेजपासूनचा मित्र, घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. दादा बाहेर फोनवर बोलतोय हे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, गिटारच्या सहाही तारा दोन पडदे, म्हणजे एक अख्खा सूर, खाली उतरवून ठेवायच्या."

"का?"

"त्याला वरचा सूर लागत नाही आता. आठ वर्षं झाली. तुम्ही तारा उतरवल्या की बोटं जुन्याच जागी पडतात, त्याला बघून काही कळत नाही. मी इथे बटण दाबून कीबोर्ड दोन खाली घेतो. त्याला वाटतं, आपण अजून बाविसाव्या वर्षीच्याच पट्टीत गातो. वाटू दे की. म्हातारपणी कुणाचा फुगा का फोडा?"

मग त्याने तिच्या पायाशी एक चपटी डबी सरकवली. तिच्यावर पाय दिला की गिटारचा आवाज बंद. तारा जुळवायच्या, वरचा दिवा हिरवा झाला की सूर बरोबर, आणि परत पाय दिला की आवाज चालू. लोकांना तारा पिळताना ऐकू जाऊ नये म्हणून.

तिने मान हलवली. घरी जाताना मात्र तिला हसू येत होतं. म्हणजे याचे दात खोटे आणि पट्टीही खोटी. खरी तेवढी ती धून, तीही बहिणीची.

तरी तिने त्याला संधी दिली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती दादाच्या घरी गेली. वहिनी चहा गाळत होती. दादा उद्याचं भाषण कागदावर लिहीत होता.

"दादा, उद्या एवढं एकदा सांग. ती सुरुवात माझी आहे म्हणून."

दादाने चष्म्यावरून पाहिलं. "कुठली सुरुवात?"

"तुला माहितेय."

"अगं, मुंगीएवढी गोष्ट, किती वर्षं उगाळणार आहेस? कोण विचारतंय तुला-मला? लोकांना ती स्वप्नाची गोष्ट आवडते."

वहिनी चहा गाळताना थांबली. "म्हणजे स्वप्न पडलं नव्हतं?"

"तू चहा दे," दादा म्हणाला.

तिने चहा घेतला नाही. चपला घालता घालता तिचं ठरलं. खोटं बोलायचं नाही, भांडायचं नाही, त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. फक्त गिटार जशी लावायला हवी तशी लावायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला हॉल भरला. तीनेकशे माणसं, टकली आणि केस रंगवलेली. पहिली चार गाणी दोन पडदे खाली निर्विघ्न पार पडली. मग पाचवं, ते गाणं. त्याला पहिलं कडवं फक्त गिटार आणि गळा, बाकीचे नंतर येतात. दादाने माईक हातात घेतला. त्याचं भाषण लांबणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तिने डबीवर पाय दिला. गिटार मुकी झाली.

"मित्रहो, मी बावीस वर्षांचा होतो," दादा म्हणाला. तिने जाड तार वर चढवली. दिवा हिरवा. "पहाटेची वेळ होती." दुसरी तार. दादा पहाटेचं धुकं सांगत होता, तोवर तिसरी. चौथ्या तारेपाशी ती थांबली. अजूनही त्याने नाव घेतलं असतं तर तिने सगळ्या तारा मुकाट्याने परत उतरवल्या असत्या, शप्पथ. "आणि स्वप्नात," दादा म्हणाला, "कुणीतरी ही धून माझ्या कानात सांगितली." तिने उरलेल्या तिन्ही तारा चढवल्या.

"आणि आजही त्याच पट्टीत," दादाने हात पसरून सांगितलं. टाळ्या पडल्या. तिने पाय दिला आणि वाजवायला सुरुवात केली.

अकरा सूर. मागच्या पायरीवर वाजले होते तसेच, त्याच पट्टीत. घड्याळजीची मान झटकन वर आली. दादाने पहिली ओळ उचलली. गळा जरा आवळल्यासारखा वाटला, पण निभावली. दुसरीला मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तिसरी ओळ वर चढते. दादा चढला, आणि मधेच आवाज फाटला. त्याने खाकरून ओळ परत धरली. आवाज परत फाटला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदराआड हसू दाबलं.

दादा थांबला. वळून तिच्याकडे बघितलं आणि लगेच लोकांकडे बघून हसला, तिने केलेल्या चारही दातांनी.

"माफ करा हं. आमच्या छोटीने गिटार चुकीची लावलीय. नवशिकी आहे, सांभाळून घ्या." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. "घड्याळजी, हिला जरा बरोबर सूर दे रे."

आता सगळं घड्याळजीच्या बोटात होतं. कीबोर्ड दोन खालीच होता. त्याने नुसतं बोट टेकवलं असतं तर तीनशे माणसांपुढे ती खोटी ठरली असती, आणि जन्मभर ठरली असती. घड्याळजीने दादाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग ते बटण दाबून कीबोर्ड मूळ जागी आणला आणि सूर दिला. तिने तार छेडली. दोन्ही सूर एकच.

"काय दाबलंस तू?" दादाने विचारलं. माईक त्याच्या छातीशी होता, चालू.

"आठ वर्षं दोन पडदे खाली वाजवतोय आम्ही," घड्याळजी खाली मान घालून म्हणाला. "तुझ्यासाठी. गिटार आज बरोबर लागलीय."

ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दादाचा चेहरा असा झाला की तिने तो तिथल्या तिथे नजरेत साठवून घेतला. गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं.

दादा तिच्याजवळ आला. माईक आता पाठीमागे धरला होता.

"छोटी. खाली घे."

तिने गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"खाली घे ना गं. लोक बघतायत."

"घेते की," ती म्हणाली.

तिने जाड तारेची खुंटी धरली आणि हळूहळू फिरवली. पण पाय मात्र डबीपासून मागे घेतला. स्पीकरमधून तार कण्हत खाली आली, सबंध हॉलभर. मग दुसरी. लोक गप्प बसून ऐकत होते की या माणसासाठी सूर किती खाली आणावा लागतो. दादाला शांतता कधीच सोसली नव्हती. त्याने माईक तोंडाशी नेला, बाजूला केला, परत नेला.

"ती सुरुवात," तो म्हणाला, आणि आवाज गाताना फाटला होता तिथेच परत फाटला. "मला नाही सुचलेली. माझ्या या बहिणीची आहे ती. सतरा वर्षांची होती. मी घेतली."

कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. वहिनी दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. दादाने बहिणीकडे असं पाहिलं की आता तरी पुरे. पायाशी डबी होती, एकदा पाय दिला असता तर उरलेलं काम गुपचूप झालं असतं.

ती तिसऱ्या तारेकडे वळली. अजून चार तारा बाकी होत्या, आणि घाई दादाला होती, तिला नव्हती.