अत्तरतळ्यावरचं ग्रहण

चर्चच्या मागच्या दारानं आत शिरून ओपल हॅन्सकमनं मनोऱ्यावरच्या क्रुसाचा दिवा बंद केला, तेव्हा तिला पापबिप केल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उभा जन्म या चर्चच्या गायकवृंदात घसा फोडल्यावर एक बटण खाली करायचा हक्क आपल्याला आहे, असं तिचं मत होतं. किल्ली तिच्याकडे होतीच. परवानगी नव्हती, एवढंच.

परवानगी तिनं रीतसर मागितली होती. आदल्या रविवारी पाद्रीबुवांना गाठून म्हणाली, "तासाभराचा प्रश्न आहे. ग्रहणातला चंद्र विझत आलेल्या निखाऱ्यासारखा असतो. त्याच्याजवळ तुमचा तो झगझगीत दिवा असला तर फोटोत नुसता दिवाच येईल."

"ओपलबाई, तो दिवा वाट चुकलेल्यांसाठी आहे," पाद्रीबुवा म्हणाले.

"वाट चुकलेले पहाटे घरी पोचून घोरत असतात. माझा भाऊ त्यांच्यातलाच आहे, मला विचारा."

पाद्रीबुवा हसले आणि नाही म्हणाले. दिवा आजवर कधी विझला नव्हता आणि त्यांच्या कारकिर्दीत तो विझावा अशी त्यांची इच्छा नव्हती.

सेजक्रीक हे वायोमिंगमधलं वाऱ्यानं पिंजून काढलेलं गाव. तिथलं अग्निशमन पथक दरवर्षी एक कॅलेंडर काढायचं आणि त्यासाठी गावातल्या हौशी लोकांकडून फोटो मागवायचं. ओपल पोस्टातून निवृत्त झाली तेव्हापासून दरवर्षी फोटो द्यायची आणि दरवर्षी तिची बोळवण फेब्रुवारीवर व्हायची. महिन्यांतला सगळ्यात आखूड महिना. मुखपृष्ठ मात्र ठरलेलं: डर्वुड पीटरी. शाळेचा माजी पी.टी. मास्तर, विधुर, वयाच्या मानानं सरळ पाठ, डोक्यावर अजून भरपूर केस. फोटो निवडणाऱ्या समितीत चार बायका होत्या आणि त्या चौघी फोटोत नक्की काय बघतात, याबद्दल ओपलला दाट संशय होता.

या वर्षी मात्र तिनं कंबर कसली होती. मे महिन्यात पहाटे खग्रास चंद्रग्रहण होतं. लालभडक चंद्र मावळतीकडे झुकत झुकत अगदी क्रुसामागून खाली उतरेल अशी जागा तिला हवी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून, त्यावर लोकरीचा धागा ताणून तिनं ती जागा शोधून काढली. जागा बिनचूक होती. फक्त ती गावच्या मैलापाण्याच्या तळ्याच्या बांधावर होती. गावात त्या तळ्याला सगळे अत्तरतळं म्हणायचे.

चर्चमधून निघून ओपल कॅमेरा घ्यायला घरी गेली, मग पिकअप घेऊन तळ्यावर पोचली, फाटकाची ढिली साखळी सोडवून गाडी आत घेतली, नाकाला मफलर गुंडाळला आणि बांधावर चढली. वर बघते तो काय, नेमक्या तिच्या जागेवर कॅमेऱ्याची तिपाई रोवून डर्वुड उभा. गळ्यात शाळेतली जुनी शिट्टी. तो ती झोपतानाही काढत नसावा.

"तू इथे काय करतोयस?" ओपल ओरडली.

"शू! चंद्र बिथरेल."

"डर्वुड, ही माझी जागा आहे. मी तीन महिने नकाशे चिवडलेत."

"मीही चिवडलेत. मास्तर होतो मी, मला काय भूगोल कळत नाही?"

"तू मुलांना उड्या मारायला शिकवायचास!"

"आणि तू तिकिटं चाटायचीस. सरक, सावली पडतेय."

अंधारात कुणाचीच सावली पडत नव्हती. ओपलनं आपली तिपाई मुद्दाम त्याच्या तिपाईच्या दोन पायांमध्ये रोवली. आकाशात चंद्राचा आता एक पांढरा कपटा उरला होता. बघता बघता तोही गेला आणि अख्खा गोळा तांबडा पडला, जुन्या तांब्याच्या पातेल्यासारखा. एवढे तारे एकदम उगवले की दोघंही भांडण विसरून क्षणभर वर बघत राहिली.

"छान आहे," डर्वुड हळूच म्हणाला.

"आहे खरं," ओपल म्हणाली. मग तिला आठवलं की आपण याच्याशी भांडतोय. "पण जागा माझी आहे."

"एक गोष्ट सांगू?" डर्वुड म्हणाला. "देव आज माझ्या बाजूनं आहे. मी येताना चर्चात शिरून दिवा बंद करणार होतो. खिडकीही हेरून ठेवली होती. जाऊन बघतो तर दिवा आधीच विझलेला!"

ओपलला हसू दाबता येईना. "देव नव्हता रे तो. मी होते."

डर्वुडनं तिच्याकडे नव्यानंच पाहिलं. "ओपल हॅन्सकम! पोस्टात तुझ्या हाती आम्ही आमची पत्रं द्यायचो!"

"आणि तू खिडकीतून उडी मारणार होतास, त्याचं काय?"

तेवढ्यात चंद्र क्रुसाच्या वर येऊन ठेपला. डर्वुडला वाटलं, थोडं खालून घेतलं तर क्रूस अजून उंच दिसेल. तिपाईवरून कॅमेरा काढून तो बांधाच्या आतल्या उतारावर उतरला. त्या उतारावर पाणी मुरू नये म्हणून काळं रबर अंथरलेलं होतं, आणि रबरावर वर्षानुवर्षांचं शेवाळ. पी.टी. मास्तराचे दोन्ही पाय एकदम सुटले. कॅमेरा डोक्यावर धरून, पाठीवर, शाळेच्या घसरगुंडीवरून यावं तसा तो सर्रकन खाली गेला आणि डुबुक झाला.

ओपलनं टॉर्च मारला. डर्वुड कमरेपर्यंत अत्तरतळ्यात उभा होता. दोन्ही हात वर, हातांत कॅमेरा.

"बुडतोयस का?"

"नाही! पण वर चढता येत नाहीये! घसरतंय!"

"लागलंय कुठे?"

"नाही गं, पण... ओपल, माझ्या बुटात काहीतरी शिरतंय."

ओपलनं वर पाहिलं. चंद्राची खालची कड क्रुसाच्या टोकाला टेकत होती. पाच मिनिटं, फार तर सहा. मग पुन्हा कधी? खाली पाहिलं. माणूस जिवंत होता, शुद्धीवर होता आणि मुखपृष्ठ त्याचं होतं.

"मग थांब जरा," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

"ओपल!"

"हलू नकोस. तू हललास की वास येतो."

डर्वुडनं मान वाकवून कशीबशी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. सेजक्रीकच्या दोन पिढ्या ज्या शिट्टीला घाबरून पळत सुटल्या होत्या, तिला ओपलनं दाद दिली नाही. तिच्या भिंगात तो लाल गोळा क्रुसामागे उतरत होता आणि काळा क्रूस त्याच्या पोटात सरळ उभा होता, चेरीत दातकोरणं खोचावं तसा. ती श्वास रोखून बटण दाबत होती. शिट्टी थांबली. पाठोपाठ खालून कॅमेऱ्याची खटखट ऐकू आली. डर्वुडही तिथूनच, डोक्यावरच्या हातांनी, न बघता फोटो काढत होता.

मधेच तिचा फोन वाजला. पाद्रीबुवा.

"ओपलबाई, जाग्या आहात ना? क्रुसाचा दिवा विझलाय! चंद्र काळा पडला आणि दिवाही गेला, लोक रस्त्यावर आलेत. मिसेस ऑल्सन मला विचारतायत की आजच आहे का."

"काय आजच आहे?"

"जगाचा शेवट!"

"तिला सांगा, असला तर चहा पिऊन मरा," ओपल म्हणाली आणि फोन ठेवला.

चंद्र छपरांमागे गेल्यावरच ती पिकअपकडे धावली. गाडी बांधाला लावून तिनं गाड्या ओढायचा पट्टा मागे अडकवून खाली फेकला.

"कॅमेरा गळ्यात घाल आणि दोन्ही हातांनी धर."

"गळ्यात घातला तर भिजेल."

"मग तूच भीज इथे सकाळपर्यंत."

डर्वुडनं कॅमेरा दातांत धरला. ओपलनं गाडी हळूहळू पुढे घेतली आणि तो पोटावर फरफटत वर आला. पुढे बसायला त्यानं दार उघडलं, तसं ओपलनं आतून ते ओढून घेतलं.

"मागे. उभा राहा. आणि काही धरू नकोस, मला ते धुवावं लागेल."

गावात शिरायला एकच रस्ता होता आणि तो चर्चसमोरून जायचा. तिथे हिरवळीवर निम्मं गाव नाइटगाऊन आणि पायजम्यांत उभं होतं, काहीजण हात जोडून. पूर्वेकडे उजाडत होतं. त्या उजेडात, पिकअपच्या मागच्या हौद्यात, डोक्यापासून बुटांपर्यंत काळाकुट्ट आणि ताठ उभा असा डर्वुड पीटरी त्यांच्यासमोरून गेला. आधी तो, मग वास. मिसेस ऑल्सननं किंकाळी फोडली.

ओपलचा फोटो सुरेख आला. इतका स्वच्छ की क्रुसावर बसलेलं घुबडसुद्धा दिसत होतं. तिनं तो समितीकडे दिला आणि यंदा आपणच, या खात्रीनं घरी येऊन केक भाजला.

मुखपृष्ठ डर्वुडला मिळालं.

त्याचा एकच फोटो धड आला होता, म्हणजे धडही नव्हता. काळ्या अंधारात हललेल्या चंद्राचा तांबडा फराटा आणि खाली पाण्यात त्याचं अंधुक प्रतिबिंब. पण समितीतल्या चौघींना त्यात पंख दिसले, मग चोच दिसली आणि मग एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पवित्र आत्मा कबुतराच्या रूपानं सेजक्रीकवर उतरला होता, तोही दिवा विझला त्याच पहाटे! त्या रविवारी चर्चमध्ये जादा खुर्च्या मांडाव्या लागल्या. दिवा कुणी विझवला हे पाद्रीबुवांनी कुणालाच विचारलं नाही. फोटो मोठा करून त्यांनी वेदीच्या बाजूला लावला.

ओपल आठवडाभर धुसफुसत होती. मग एका संध्याकाळी डर्वुड दारात उभा राहिला. स्वच्छ, पण वास येऊ नये म्हणून अजूनही वाऱ्याची दिशा बघून उभा.

"मी त्यांना सांगितलं, तो हललेला फोटो आहे," तो म्हणाला. "तर म्हणाल्या, किती विनम्र! मी उद्या सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, तो कुठून काढला ते. मुखपृष्ठ तुझं आहे, ओपल. मी त्या घाणीत उभा होतो, मला माहीत आहे."

ओपलनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा सरळ बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिनं दार पूर्ण उघडलं.

"उभाबिभा राहू नकोस. बस. केक आहे, शिळा झालाय."

"म्हणजे सांगू नको?"

"मूर्खा, कधीच सांगू नकोस. अरे, सगळं गाव त्या कबुतरापुढे डोळे मिटतं आणि ते कशात उभं राहून काढलंय हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे. अशी मजा फुकट घालवतात का?"

पुढच्या रविवारी तो गायकवृंदाच्या अगदी जवळच्या बाकावर येऊन बसला. पाद्रीबुवा कबुतराकडे हात करून म्हणाले, "आणि हा निर्मळ आत्मा निर्मळ जलावर उतरला..." ओपलनं भजनाच्या पुस्तकात तोंड लपवलं. बाकावरून घोडा खोकल्यासारखा आवाज आला. मिसेस ऑल्सननं मागे वळून पाहिलं तेव्हा दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला गहिवरून आलं आणि तिनं आपला रुमाल आधी डर्वुडपुढे धरला.