धोरी नसेला टेकलेला स्क्रू

मित्रांनो, मी छबूबाईंच्या पाठीतून काढलेला एक स्क्रू आहे. सध्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, त्यांच्या टीव्हीशेजारी पडून असतो. माझी पाच भावंडं मात्र अजून त्यांच्या मणक्यात ऐटीत बसली आहेत. त्यांचं नाव काढलं तरी माझा जळफळाट होतो.

आम्ही सहाही जण एकाच कारखान्यात घडलो. शहाद्याजवळच्या या छबूबाई ट्रॉलीत कापूस तुडवताना तोल जाऊन पडल्या, मणका मोडला आणि तो सांधायला आम्हाला बोलावणं आलं. पाच जण हाडात घट्ट रुतले. "मस्त पकड," असं डॉक्टर प्रत्येकाला म्हणाले. मी शेवटचा. माझा कोन जरासा चुकला आणि टोक हाडाबाहेर जाऊन एका मऊ, उडत्या भिंतीला टेकलं. ती धोरी नस होती, काळजातून निघून सगळ्या अंगाला रक्त पोचवणारी. स्क्रू स्वतः फिरत नाही, एवढंच मी सांगतो.

त्या नसेचा तोरा काय वर्णावा! सगळं शरीर माझ्या जिवावर जगतं, असं ती दर ठोक्याला मला ढुशी देऊन ऐकवायची. इकडे भावंडं हाडाच्या कुशीत निवांत. मी दोन्हीकडून जळत होतो, आणि माझ्या टोकाने नसेची भिंत रोज थोडी थोडी झिजत होती.

काही महिन्यांनी छबूबाईंची पाठ पुन्हा दुखू लागली. त्यांनी दुखणं अंगावर काढलं. शेवटी त्यांचे यजमान हिंमतराव म्हणाले, "मी दोधूले बलावस. तो पायाळू शे. एक लाथ मारी का उसण निंघी जाई."

जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याच्या लाथेने पाठदुखी पळते, असं आमच्या गावात मानतात. दोधू आला. "वहिनी, पालथं पडी जा. डोया मिटी ल्या."

छबूबाई गोधडीवर पालथ्या झाल्या. दोधूने पाय उचलला. खरं सांगतो, बसू दे लाथ, असंच मला वाटलं! एका दणक्यात मी नसेत घुसलो असतो आणि तिचा तोरा उतरला असता.

तेवढ्यात छबूबाई शेजारी बसलेल्या सुनेला कण्हत म्हणाल्या, "ममता, मन्हा पोटमा काहीतरी जोरमा उडी ऱ्हायनं व." त्यांचं काळीज भीतीने धडधडत होतं आणि प्रत्येक ठोका माझ्या टोकावर येत होता. नस फुटली तर हे ठोकेच थांबतील, हे मला तेव्हा उमगलं. माझा हेवा क्षणात गळून पडला. पण मला ना हात, ना तोंड.

सून ममताने सासूच्या पोटाखाली हात घातला आणि ती ओरडली, "मामा, पाय खाले ठेवा! आठे नाडीसारखं उडी ऱ्हायनं!"

दोधूने पाय जो खाली ठेवला, तो थेट चपलेतच.

त्याच दुपारी जीप सुरतेला निघाली. तपासणीत मी सापडलो. लाथ बसली असती तर बाई दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचल्या नसत्या, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी आधी नसेला आतून जाळीचा आधार दिला आणि मगच मला अलगद मागे काढलं. मोडलेलं हाड एव्हाना जुळलं होतं. पाचांवर भागलं.

आता ते पाच छबूबाईंच्या पाठीत बसून सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघून येतात. मी बाटलीतून टीव्हीवरच्या मालिका बघतो. हेवा परत आलाय, लपवत नाही.

पण परवा गल्लीतला हेमकांत दोधूचा पत्ता विचारत आला. ऑपरेशन झालेल्या त्याच्या आईची पाठ दुखत होती. छबूबाईंनी मला बाटलीतून काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाल्या, "पहिले याले देख. मंग मायले डॉक्टरकडे लई जाय."

मित्रांनो, ऑपरेशननंतर कुणाची पाठ दुखली, पोटात काही उडू लागलं, तर लाथेची वाट धरू नका. हेमकांत आईला घेऊन डॉक्टरकडे गेला. त्या दिवशी पाठीतल्या पाचांना माझा हेवा वाटला असणार.