खाली भाऊसाहेब नाहीत

शनिवारी सकाळी आठ वाजता श्रीरंग तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा ओलांडून बाहेर गेला, चार पावलं चालला आणि हवेत थांबला. तो पडला नाही.

त्याची थोरली बहीण मंदाकिनी तेव्हा स्वयंपाकघरात उप्पिटासाठी रवा भाजत होती. खालून बँड ऐकू आला तसा तिने गॅस बारीक केला. ती चाल तिने लहानपणानंतर कधी ऐकली नव्हती, पण ओळखायला वेळ लागला नाही. ती गॅलरीत आली. श्रीरंग पाठमोरा होता. त्याच्या पायांत घरातल्या चपला होत्या आणि चपलांखाली काही नव्हतं.

"रंगा," ती म्हणाली, "खाली बघू नकोस."

"नाही बघत," तो म्हणाला. "मला माहितेय की."

खाली बघितलं की माणूस पडतो, हे दोघांनाही माहीत होतं. सांगलीच्या त्या कॉलनीत एकच टीव्ही होता तेव्हाची गोष्ट. दर शनिवारी सकाळी आठला त्यावर प्राण्यांच्या बँडचं कार्टून लागायचं. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे सगळे प्राणी करडे. बोकड ट्रंपेट वाजवायचा, बगळा स्वतःपेक्षा उंच व्हायोलिन, ससा झांजा. आणि पोट पुढे काढून ढोल वाजवणारं एक अस्वल होतं. ते हुबेहूब घरमालकांसारखं दिसायचं, म्हणून मुलं त्याला भाऊसाहेब म्हणायची. हे घरमालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते एका शनिवारी मुलांत येऊन बसले, सगळं पाहिलं आणि "नाक माझ्यासारखं नाही," एवढंच बोलून उठले.

प्रत्येक गाणं भाऊसाहेबांच्या एका ठोक्यावर संपायचं. शेवटच्या भागात ते वाजवण्याच्या नादात कड्याच्या पुढे चालत गेले. ढोल गळ्यातून सुटून दरीत पडला, ते मात्र हवेत उभे राहिले. खाली बाकीचे तिघे वाजवतच होते. ठोक्याची जागा जवळ आली आणि कॉलनीतली वीज गेली. ती आली तेव्हा कापसावरच्या किडीची माहिती चालू होती. पुढच्या शनिवारी कार्टून लागलं नाही. नंतर कधीच लागलं नाही.

श्रीरंग तेव्हा लहान होता. पण नंतरही, जेवता जेवता, तापात पडलेला असताना, वडिलांच्या बाराव्याला पंगत उठल्यावरसुद्धा, तो मधूनच विचारायचा, "ताई, त्यांनी खाली बघितलं असेल का गं?" आणि मंदाकिनी दर वेळी म्हणायची, "नसेल बघितलं."

"आता वळ," तिने गॅलरीतून सांगितलं. "सावकाश. माझ्याकडे बघ आणि चालत ये."

तो वळला. त्याने तिच्या दिशेने पाऊल टाकलं आणि परत घेतलं.

"तिकडे पायाला काही लागत नाही," तो म्हणाला.

"मग जिथे लागतंय तिथेच उभा राहा. डोळे माझ्यावरून काढू नकोस."

तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडून त्याच्याकडे फेकली. त्याने तिच्याकडे बघत बघत ती कमरेला बांधली. तिने ओढली. दोरी परत आली. गाठ जशीच्या तशी होती, आत कोणी नव्हतं. श्रीरंग जागेवरच उभा होता.

सोसायटीचे चेअरमन बिराजदार शेजारच्या गॅलरीत आले. त्यांच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"मंदाताई, कठड्याच्या बाहेर काही ठेवायचं नाही, असं मीटिंगमध्ये ठरलंय आपलं. मी माझ्या कुंड्यासुद्धा आत घेतल्या."

"मी ठेवलेला नाही त्याला, काका. तो आपला आपण गेलाय."

"तरी पण," बिराजदार म्हणाले. मग त्यांनी श्रीरंगाच्या चपलांकडे पाहिलं आणि फोन लावायला आत गेले.

आगीचा बंब आला. अधिकारी खालून ओरडून म्हणाला की शिडी लावता येणार नाही, खालून शिडी आली की माणूस बघणारच. त्यापेक्षा आम्ही जाळी धरतो. त्याच्या माणसांनी जाळी धरली. ती थोड्या वेळाने चादरीएवढी दिसायला लागली, मग रुमालाएवढी, मग पोस्टाच्या तिकिटाएवढी. इमारतीला खालून नवे मजले येत होते. सगळे सारखेच होते. प्रत्येक गॅलरीत तोच चौकड्यांचा टॉवेल वाळत होता आणि त्याचं तेच एक टोक दुमडलेलं होतं.

"मी जाऊन बघतो काय भानगड आहे," असं म्हणून बिराजदार जिना उतरायला लागले. त्यांच्या पावलांचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनी दुधाला म्हणून उतरली. "मी येईपर्यंत खिडकीच्या गजाकडे बघ," असं तिने श्रीरंगाला बजावलं होतं. जिन्यात एक सायकल होती, मग चपलांचा रॅक, मग कुलूप लावलेलं दार. मग पुन्हा सायकल, रॅक, दार. प्रत्येक सायकलीचं मागचं चाक पंक्चर होतं. पाय भरून आले तशी ती वळली. वर यायला एकच जिना चढावा लागला.

"आणलंस दूध?" श्रीरंगाने विचारलं.

"नाही मिळालं."

त्यानंतर तिने गॅलरी सोडली नाही. फरशी पुसायच्या वायपरला डबा अडकवून ती त्याला जेवण पोचवायची. तो तिच्या तोंडाकडे बघत चाचपून घास घ्यायचा. ती सारखी बोलत राहायची: आईच्या हातच्या दाण्याच्या चटणीबद्दल, श्रीरंगाच्या बंद पडलेल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबद्दल, तिथे सेट टाकून गेलेल्या आणि परत न आलेल्या गिऱ्हाइकांबद्दल. विषय संपले की पहिल्यापासून सुरू करायची. तिला डुलकी लागली की तो म्हणायचा, "ताई, तोंड वर कर. मला बघायला काही नाही." ती तोंड वर करायची.

पुढच्या शनिवारी आठ वाजता बँड पुन्हा सुरू झाला. गाणं शेवटच्या ठोक्यापर्यंत आलं आणि थांबलं. ठोका पडला नाही. श्रीरंगाने अंग चोरलं. शिंक अर्ध्यात अडकावी तसा त्याचा चेहरा झाला. त्याने मांडीवर थाप मारली. ती पोकळ वाजली. मग त्याने एक पाऊल मागे टाकलं, आणि तिकडे त्याच्या पायाला लागलं.

वायपर आता पुरेना. तिने त्याला झाडूची काठी बांधली.

त्याच्या चपला करड्या झाल्या होत्या. मग पँट झाली. निळा शर्ट खालून वर करडा होत गेला, रोज एकेक बटण. तिने आईची लाल शाल काढून अंगावर घेतली.

"ही दिसते का नीट?"

"दिसते. करडी आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी बँड वाजत असताना तिने पहिल्यांदाच खाली वाकून पाहिलं. जमीन कुठल्या कुठे गेली होती, पण बँड स्पष्ट दिसत होता, टीव्हीवर दिसायचा तेवढाच. बोकड, बगळा, ससा. चौथी जागा रिकामी होती. तिथे ढोल एकटाच पडला होता.

"भाऊसाहेब आहेत का गं खाली?" श्रीरंगाने विचारलं.

मंदाकिनीने विचार केला. नाहीत म्हटलं तर, ते हवेतही नाहीत आणि बँडमध्येही नाहीत, म्हणजे खाली बघून पडले आणि संपले, हे त्याला कळेल. मग त्याला हवेत उभं राहायला काही कारण उरणार नाही. आहेत म्हटलं तर तो त्यांना बघेल.

"चष्मा आत राहिलाय माझा."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे, ताई."

"आहेत," ती म्हणाली. "आहेत ते."

"काय करतायत?"

"वाजवतायत."

"मग ढोल का ऐकू येत नाही?"

तिने शालीचं टोक ओढलं.

"तू खोटं बोललीस की पदर ओढतेस," तो म्हणाला. "लहानपणी फ्रॉक ओढायचीस. शालीचंही तेच करतेयस."

तिने शाल सोडली. गाणं ठोक्याच्या जागेपर्यंत येऊन थांबलं. तो आणखी मागे गेला. काठी आता पोचेना, दुसरी काठी घरात नव्हती. डबा तिने तसाच धरून ठेवला. आतला भात गार झाला, मग वाळला.

आठवडाभर ती बोलत होती. त्याचा आवाज शेजारी बसल्यासारखा येत होता, तो मात्र रस्त्याच्या पार पलीकडे, अंगठ्याएवढा झाला होता.

"ताई, तुझं तोंड दिसत नाही आता नीट."

"मग शाल बघ. मी हलवते."

"शाल कुठली आणि टॉवेल कुठला, कळत नाही. सगळ्या गॅलऱ्या सारख्याच आहेत. तू कुठल्या गॅलरीत आहेस?"

"वरच्या. सगळ्यांत वरच्या, रंगा."

"वर अजून खूप आहेत," तो म्हणाला.

तिने मान वर केली. वरही टॉवेल वाळत होते.

आज शनिवार. आठ वाजता बँड सुरू झाला आणि ठोक्याच्या जागेवर येऊन थांबला. मंदाकिनी कठड्यावरून वाकली. बोकडाने ट्रंपेट खाली ठेवली. बगळ्याने व्हायोलिन आडवं केलं. सशाने झांजा एकमेकींवर ठेवल्या. मग तिघांनी मिळून ढोल लोटत आणला, श्रीरंगाच्या बरोबर खाली आडवा ठेवला आणि चामड्याची बाजू वर केली. त्यांनी तीन बाजूंनी त्याची कड धरली. तिघेही वर बघत होते.

"थांबले का ते?" श्रीरंगाने विचारलं. "ताई, काय करतायत?"

तिने दोन्ही हात कठड्यावर घट्ट धरून ठेवले. शाल ओढली नाही.

"भाऊसाहेबांनी बघितलं होतं ना गं?"

"रंगा, डोळे मीट," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. खाली ससा किंचित डावीकडे सरकला आणि त्याने कड पुन्हा धरली. श्रीरंगाची हनुवटी छातीला टेकली आहे. डोळे अजून मिटलेले आहेत.