परसातली कडी

आक्कांची जीभ म्हणजे विळी. अख्खी गल्ली जपून बोलायची. गेली दोन वर्षं मोठ्या भरतीला त्यांच्या परसात घोटाभर पाणी चढत होतं. मुलगा म्हणे, हे घर सोडून चढावर राहायला जाऊ. आक्का म्हणत, गटार तुंबलंय.

"सात पिढ्यांचं घर आहे हे! समुद्राची काय टाप आहे इथे यायची? सासऱ्यांचे पणजोबा परसात घोडा बांधायचे. कडी आहे अजून भिंतीत."

त्या कडीला आक्का चाळीस वर्षं कपड्यांची दोरी बांधत होत्या आणि आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवत होत्या.

सून नगरपालिकेत जुने नकाशे सांभाळायची. ती हळूच म्हणाली, "आई, नकाशे वेगळंच सांगतात."

"मग दाखव की! आपल्या घराच्या जागी पाणी दिसलं, तर मी घर सोडते. नाही दिसलं, तर हा विषय बंद. आणि तुझं तोंडही."

दुसऱ्या दिवशी सुनेनं नगरपालिकेतल्या लांब टेबलावर दोन नकाशे पसरले, कोपऱ्यांवर वजनं ठेवली. आक्कांना अक्षर लावून लावून वाचावं लागे, पण चित्र कुणाला कळत नाही? नव्या नकाशात घंटाघरावर बोट ठेवून त्या खाली मोजत आल्या. एक गल्ली, दुसरी, तिसरीत आपलं घर. मग जुन्यावर बोट ठेवलं. एक, दोन... आणि बोट थांबलं.

"तिसरी कुठे गेली? उंदरांनी खाल्ली?"

"गेली नाही, आई. तेव्हा ती नव्हतीच."

तिथे नुसता निळा रंग होता. त्याच्या काठाला बारीक गोल काढलेले.

"आणि या बांगड्या कसल्या?"

"कड्या आहेत. होड्या बांधायला. हा धक्का होता. आपल्या परसाची मागची भिंत आहे ना, ती हीच."

निळ्या रंगावर कुणीतरी नंतर शाईनं चौकोन आखला होता. सुनेनं शेजारच्या ओळी वाचून दाखवल्या: पाणी बुजवून घर बांधायला परवानगी. खाली अर्जदाराची सही. विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली तिची शेपूट आक्कांना वाचावी लागली नाही. सासऱ्यांच्या फोटोखालची तीच सही त्या रोज पुसत होत्या.

त्या मट्कन खुर्चीत बसल्या.

"घोड्याचं नावसुद्धा सांगितलं होतं मला मेल्यानं!"

सुनेच्या हातातलं वजन खाली पडलं. सासऱ्यांबद्दल वावगा शब्द या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता.

घरी येताच आक्का तडक परसात गेल्या. कडीखाली बोट फिरवलं. लोखंड होड्यांच्या दोरांनी घासून घासून निम्मं उरलं होतं. चाळीस वर्षं हात लावला, बघितलं मात्र कधी नाही. त्यांनी दोरीची गाठ सोडली.

"अहो आई, ओले कपडे आहेत! वाळत कुठे घालू?"

"चढावरच्या घरी." आक्का दोरी गुंडाळू लागल्या. "बघतेस काय? बोलले ते बोलले. पण तिथे खिळा मी सांगेन तिथेच ठोकायचा!"