आठ फेऱ्या, उघड्या डोळ्यांनी

बाहेर त्रेचाळीस डिग्री, कूलर नुसता गरम वारा फेकून राहिला, अन् आमच्या पोट्टीले बर्फावर गिरक्या घ्यायच्या आहेत! रायपुरात बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तेवढाच. मी तिले दहादा सांगितलं. तर म्हणे, "आजी, आप नहीं समझोगी." एकतीस वर्षं रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीवर बसली मी, अख्ख्या गावाचं समजून घेतलं, अन् हिचंच समजणार नाही काय?

देवश्री माझी नात, तेरा वर्षांची. मराठी सगळी समजते तिले, पण तोंड उघडलं की हिंदी. चाकांच्या स्केटिंगमध्ये आधीपासून हुशार. मागच्या दिवाळीत माझा पोरगा शेखर तिले डेहराडूनले घेऊन गेला, तिथं तिनं बर्फाचं रिंक पाहिलं, अन् पोट्टी येडीच झाली. तिथले एक सर मे महिन्यात दहा दिवसांचं शिबिर घेतात. पण त्यांची अट अशी, की एका पायावर, एका जागी, सलग आठ फेऱ्या आल्या पाहिजेत. घरी सराव करा, पंचवीस एप्रिलपर्यंत व्हिडिओ पाठवा, अन् तो मध्ये कुठं कापलेला नको.

आता ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बर्फाचा सराव कसा करणार? तर त्याच्यासाठी एक प्लास्टिकची पट्टी मिळते, स्पिनर म्हणतात. तळव्याएवढी, खालून होडीसारखी गोल. फरशीवर ठेवायची, बूट घालून एका पायाचा पंजा तिच्यावर, दुसऱ्या पायानं रेटा, हात छातीशी, अन् भिंगरी! बर्फ नसला तरी फिरणं अंगात बसते म्हणे.

सुरुवातीले दोन फेऱ्यांतच धपकन पडे. मग म्हणे, "फर्श टेढ़ा है." मी म्हटलं, "हो बाप्पा, नाचता येईना, अंगण वाकडं."

आता माझं दुखणं सांगते. दोन वर्षांपूर्वी कानात काही बिघडलं, तेव्हापासून मले चक्कर आहे. फिरणारं काहीही पाहिलं की घर फिरते, पोटात ढवळते. पंखा सुरू असला तर मी वर पाहत नाही. समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं व्यायाम लिहून दिले होते. अंगठ्याकडे पाहा अन् मान हलवा म्हणे! असल्या पोरखेळानं काय होते, म्हणून तो कागद मी तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवला.

शेखर उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये, सूनबाई पूर्णिमा लॅबमध्ये. दुपारी घरात मी अन् पोट्टी. फिरताना तिले स्वतःच्या फेऱ्या मोजता येत नाहीत, सगळं पुसट होते. म्हणून दर गिरकी झाली की तिचा प्रश्न ठरलेला, "देखा क्या, आजी? कितने हुए?"

मी पहिल्या दिवसापासून डोळे मिटून बसे. चक्कर येते म्हणून नातीकडे पाहता येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू? खिडकीवर कधी कोणाले "माहीत नाही" म्हणून परत पाठवलं नाही मी! अन् देवानं सोय पण केली. तिच्या पट्टीची एक कड तुटलेली, आमच्या फरशीचा एक सांधा वर आलेला. दर फेरीले आवाज होई, टक्. मी टक् मोजे. "चार! शाब्बास!" "पाच! वा गं पोट्टे!" आकडा खरा, पोर खूश. यात कोणाचं काय बिघडलं, असं मी मनाले सांगे.

एक दिवस तिनं विचारलं, "मेरा बायाँ हाथ कैसा था?"

"मस्त होता," मी ठोकून दिलं.

तिनं पट्टी उचलून उलटीपालटी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मी खुर्चीत, डोळे मिटलेले. टक्, टक्, टक्... सात झाले! सात तर कधीच झाले नव्हते. मी टाळीच वाजवली, "सात! वाघीण आहे माझी!" अन् डोळे उघडले.

पोट्टी माझ्या पायाशी फरशीवर बसलेली होती. पट्टीवर तळवा दाबून, हातानं फिरवत होती.

"आप देखती ही नहीं हो," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण अगदी हळू म्हणाली.

मी काय केलं? चोराच्या उलट्या बोंबा. "मोठ्या माणसाची परीक्षा घेते काय? हेच शिकवतात काय शाळेत?"

तिनं पट्टी उचलली. "रहने दो, आजी." अन् आतल्या खोलीत गेली.

संध्याकाळी मले धाकधूक होती, की आता आईबापाले सांगेल. सांगितलं नाही तिनं. एक शब्द नाही. ते मले जास्त लागलं.

त्याच्यानंतर ती एकटीच आतल्या खोलीत फिरे. फोन डब्याले टेकवून व्हिडिओ घ्यायची, तर कधी पाय कापले जात, कधी डोकं. मी स्वयंपाकघरातून ऐके. तिथं तो वर आलेला सांधा नव्हता, त्यामुळे टक् नाही, नुसती घरघर, मग धप्प. पुन्हा घरघर, धप्प. अन् मले कोणी विचारे ना, देखा क्या म्हणून. खरं सांगते, भाजी चिरता चिरता रडू आलं मले. पोर दोन महिने मले दाखवून राहिली होती, अन् मी एकदाही पाहिलं नव्हतं.

व्हिडिओ पाठवायले बारा दिवस उरले होते. मी तांदळाचा डबा सरकवला अन् तो कागद काढला.

अंगठा डोळ्यांपुढे धरा, नजर अंगठ्यावर, मान डावीकडे उजवीकडे. दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी अव माय, भिंतीच आडव्या झाल्या! कागदावर खाली लिहिलं होतं, फिरणाऱ्या वस्तू रोज थोडा थोडा वेळ पाहा. आता कोणती वस्तू पाहू? पंख्याची तर हिंमत नव्हती. मग नजर गेली वॉशिंग मशीनवर. पुढून गोल काचेचं दार आहे तिले.

मी स्टूल घेऊन तिच्यापुढे बसली. पूर्णिमाची निळी ओढणी पुढे, शेखरचा शर्ट तिच्या मागे लागलेला. अर्ध्या मिनिटात मी बेसिनकडे धावली. दुसऱ्या दिवशी एक मिनिट. चौथ्या दिवशी कपडे संपले, तर मी धुतलेलेच परत टाकले.

"आई, कालच धुतले होते ना हे? परत काहून धुऊन राहिल्या तुम्ही?" पूर्णिमा विचारे.

"घामाचा वास येते," मी म्हणे. आता सुनेले काय सांगू, सासू मशीनले घाबरते म्हणून?

नवव्या दिवशी दुपारी मी स्टुलावर, दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरलेले, कपाळावर घाम, अन् समोर एक पिवळी चादर गरगर फिरून राहिलेली. मागून आवाज आला, "क्या कर रही हो?"

मले मान वळवायची सोय नव्हती. "तुझ्या फेऱ्या पाहाची प्रॅक्टिस," मी म्हटलं. "तुझी पट्टी आहे ना, तशी ही माझी."

ती जवळ येऊन काचेत डोकावली. मग विचारलं, "उल्टी हो गई तो?"

"झाली तर झाली."

ती निघून गेली. मले वाटलं, राग अजून आहे. तर बाथरूममधून बादली घेऊन आली, माझ्या स्टुलाजवळ ठेवली, अन् माझ्या शेजारी फरशीवर बसली. चादर थांबेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे पाहत होतो. मग मी तिले डॉक्टरचा कागद अन् अंगठ्याचा व्यायाम दाखवला.

पंचवीस तारीख आली. आदल्या दिवशीपर्यंत तिच्या सहाच्या वर फेऱ्या गेल्या नव्हत्या. शेखर-पूर्णिमा कामावर. पुढच्या खोलीत मी कपाटाले पाठ टेकवून उभी, फोन दोन्ही हातांत, बादली बाजूले. पोट्टीनं पट्टी सांध्यावरच ठेवली, म्हणजे टक् होईल अशी. माझ्यासाठी.

"आजी, मत देखो. सिर्फ फोन पकड़ लो. सच में."

"चूप. तू फिर आता."

तिनं रेटा मारला. एक. दोन. अंगठ्यावर लावते तशी नजर मी तिच्या छातीवर रोवली. तीन. चार. बाप्पा, किती सुंदर फिरते ही पोर! दोन महिने मी काय घालवलं! पाचव्याले तिचा डावा कोपर बाहेर सुटला अन् सगळं अंग डगमगलं. मले वाटलं, गेली. माझ्याही पायाखालची फरशी सरकली. पण तिनं हात खेचून घेतला. सहा. सात. आठ!

तिचा पाय खाली टेकला अन् मी कपाटावरून घसरत खाली बसली. फोन मांडीत. घर, खिडकी, देव्हारा, सगळं फिरून राहिलं.

ती धावत आली. व्हिडिओचं भान नाही, काही नाही. माझ्यापुढे गुडघ्यावर बसून तिनं आपला अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरला. "आजी, अंगूठा. अंगूठे को देखो. और कहीं नहीं."

मी पाहत राहिली. आधी अंगठा थांबला. मग त्याच्यामागचं तिचं तोंड थांबलं. घामानं निथळलेलं, घाबरलेलं. तिचे ओठ हलले, पण मीच आधी सुरू झाली.

"पाचव्याले डावा कोपर बाहेर काहून गेला तुझा? अं? पडली असती ना! हात आवळून धरता येत नाही? दोन महिने काय केलं मग?"

पोट्टी माझ्याकडे पाहतच राहिली. मग माझ्या गळ्यात पडून जी रडायले लागली, की मले तिची पाठ थोपटता थोपटता फोन बंद करायचं सुचलं नाही. व्हिडिओ कापायचा नव्हता, म्हणून तो तसाच गेला, माझ्या बोंबलण्यासकट.

रात्री जेवताना सरांचं उत्तर आलं. पोट्टीनं मोठ्यानं वाचलं, "पाँचवें पर बायीं कोहनी खुल रही है. कैंप में आ जाओ, ठीक करेंगे. पीछे डाँट कौन रहा है?"

शेखरनं माझ्याकडे पाहिलं, पूर्णिमानं पाहिलं. मी वरण वाढत होती.

देवश्रीनं खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हातानं उत्तर लिहिलं, अन् फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, "मेरी आजी हैं, सर. उन्होंने पूरा देखा."