बाबांच्या कानातला कापूस

सकाळी साडेनवालाच जिना भरला होता. फर्निचरच्या दुकानावरचा मजला, एरवी गाद्यांचं गोदाम. पण गेले पाच रविवार तिथे गाद्या भिंतीला टेकून उभ्या राहत आणि माणसं दाटीवाटीने बसत. मालधक्क्यावरचे हमाल, शीतगृहात मासळी साफ करणाऱ्या बाया, ऑफिसं झाडणारे, टॅक्सीवाले. कुजबूज पाच भाषांत चालली होती आणि पाचही भाषांत बातमी एकच: बाबांना न सांगता कळतं.

न सांगता म्हणजे अगदी न सांगता. बाबांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, लिंबाएवढे, शेवटच्या रांगेतूनही दिसतील असे. म्हणून ते कापूसबाबा. समोर बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. बाबा डोळे मिटत, मान तिरकी करत आणि तुमचं दुःख तुमच्याच पदरात घालत.

"कान म्हणजे काय?" बाबा दर अर्ध्या तासाने विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "दोन भोकं! भोकांतून वारा जातो, वेदना जात नाही! डॉक्टर कानाला नळी लावतो, तरी त्याला काही ऐकू येत नाही. मी कान बुजवले आणि मला जग ऐकू आलं. दुःखाला भाषा नसते, लेकरांनो!"

"काय बोलले! काय बोलले!" एक टॅक्सीवाला गहिवरून म्हणाला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या दुभाषीबाईंना मात्र शेवटचं वाक्य मुळीच पटलं नाही. दुःखाला भाषा नसती, तर त्यांची नोकरी केव्हाच गेली असती. सरकारी हॉस्पिटलात बारा वर्षं त्या डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधल्या खुर्चीवर बसत होत्या. एकाचं दुसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याला, एवढंच काम.

"तोंड वाकडं करू नकोस," त्यांची आई दंडाला चिमटा काढत म्हणाली. "बाबांना दिसतं."

"डोळे मिटलेत गं त्यांचे."

"म्हणूनच दिसतं."

दुभाषीबाईंनी तोंड सरळ केलं. त्यांच्या पलीकडे त्यांची भावजय उभी होती. ती गेले तीन महिने गप्प होती.

भाऊ जहाजावर. त्याने लग्न केलं ते बंदरावर भेटलेल्या मुलीशी. तिची भाषा वेगळी, आणि घरात ती भाषा येणारी माणसं दोनच: भाऊ आणि दुभाषीबाई. सुनेने सासूची भाषा कामापुरती उचलली होती. "चहा ठेवू?", "झालं, आई", "बाळ झोपलं". पण ज्या भाषेत मीठ मागता येतं, त्या भाषेत रडता येतंच असं नाही. बाळ झालं आणि तिची झोप उडाली. जेवण सुटलं. बाळ रडलं की ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

हॉस्पिटलात नेलं, नाही असं नाही. पण घरच्या माणसाने दुभाषेपण करायचं नाही, असा नियम होता. नियम चांगला होता. नव्या लोकांना तो दुभाषीबाईच शिकवत. म्हणून त्या बाहेर बसल्या आणि आत फोनवरून एक पुरुष दुभाषा बोलला. परक्या पुरुषाच्या आवाजाला भावजयीने एकच गोष्ट सांगितली: छातीवर कुणीतरी बसलंय. त्या पुरुषाने ती चोख पोचवली. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. छातीवर कुणी नव्हतं. "सगळं नॉर्मल आहे," असं लिहून त्यांनी तिला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांची तारीख अकरा आठवड्यांनंतरची मिळाली.

ती तारीख येत्या मंगळवारची होती. आणि आज सकाळी, बाळाला शेजारणीकडे ठेवून निघताना, आईने अट घातली होती: "बाबांनी न सांगता ओळखलं, तर मंगळवार रद्द. ते म्हणतील तसं करायचं. नाही ओळखलं, तर खुशाल ने तुझ्या हॉस्पिटलात."

बाबा काय म्हणतात ते दारातच दिसत होतं. तिथे एक टोपली होती आणि टोपलीत गोळ्यांच्या पट्ट्या, निम्म्या संपलेल्या. ज्याला गुण आला, त्याने औषध टोपलीत टाकायचं आणि पुन्हा शिवायचं नाही. टोपली काठोकाठ भरली होती. दुभाषीबाईंनी वरवर नजर टाकली. दोन औषधांची नावं ओळखीची होती. त्या गोळ्या अशा एका झटक्यात बंद करायच्या नसतात, हेही त्यांनी डॉक्टरांच्या वतीने कितीदा तरी सांगितलं होतं.

टेबलाशी व्यवस्थापक बसला होता. पूर्वीचा मालधक्क्यावरचा मुकादम, पाच भाषांत शिव्या देऊ शकणारा. आता त्याच पाच भाषांत तो "या, बसा" म्हणत होता.

"आम्ही तिघी," दुभाषीबाई म्हणाल्या.

"नंबर सत्तेचाळीस," तो म्हणाला आणि लिहून घेऊन मागच्या खोलीत गेला.

हॉलमध्ये गाद्यांच्या आडोशाला पाच बाक होते, एकेका भाषेचा एकेक. परक्या गावात माणसाला एकटं वाटू नये म्हणून ही सोय. भावजयीच्या भाषेचा बाक नव्हता. मग तिघी आई-लेकींच्या भाषेच्या बाकावर बसल्या. तिथे एक मावशी आधीच बसल्या होत्या. गोल चेहरा, हातात विणकाम, मांडीवर पालथा ठेवलेला फोन.

"सत्तेचाळीस ना तुम्ही? बसा बसा. मीही अशीच आले होते पहिल्यांदा. वर्षभर रडत होते, बाई. घरात सगळे म्हणायचे, नाटकं करते." मग विणकाम बाजूला ठेवून त्या भावजयीकडे वळल्या. "तुला काय होतंय गं, पोरी?"

इतक्या साध्या सुरात हा प्रश्न अकरा आठवड्यांत कुणीच विचारला नव्हता. हॉस्पिटलाने नव्हता, आईने नव्हता, आणि त्याच स्वयंपाकघरात रोज दोनदा वावरणाऱ्या दुभाषीबाईंनीही नव्हता. दिवसभर लोकांची दुखणी तोंडात घोळवून घरी आलं की त्यांना वाटे, आता ड्यूटी संपली.

त्यांनी प्रश्न भावजयीच्या भाषेत सांगितला. भावजय बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग बोलायला लागली, आणि दुभाषीबाईंच्या तोंडून सवयीने ते बाहेर पडू लागलं.

"मला बाळाला उचलायची भीती वाटते. वाटतं, माझ्या हातून पडेल. म्हणून मी खिडकीपाशी जात नाही. तीन महिने मला झोप नाही. आई बाळाला घेतात तेव्हा मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटते. आई कसली मी?"

सवय अशी, की दुभाष्याने "ती म्हणते" असं म्हणायचं नसतं. पेशंट "मी" म्हणाला, की आपणही "मी" म्हणायचं आणि स्वतः नाहीसं व्हायचं. बारा वर्षांत या हिशेबाने दुभाषीबाईंना सात वेळा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि एकदा तर त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशनही झालं होतं. आवाज कधी हलला नव्हता. आताही हलला नाही. फक्त चष्मा पुसावा लागला.

आई दुसरीकडे बघत होती. मावशींनी भावजयीचा हात हातात घेतला. "होतं गं असं. माझंही झालं होतं." तेही दुभाषीबाईंनी पोचवलं. भावजय तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

"सत्तेचाळीस!" पुकारा झाला.

तिघी बाबांसमोर बसल्या. हॉल शांत. बाबांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. पाच सेकंद, दहा सेकंद. मग त्यांनी डोळे उघडले आणि कनवाळूपणे थेट दुभाषीबाईंकडे पाहिलं.

"तान्ह्या लेकराची आई आहेस, पोरी."

दुभाषीबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे गादी होती.

"तुलाच म्हणतो, चष्मेवाली. तीन महिन्यांचं बाळ घरी टाकून आलीस. उचलायची भीती वाटते. खिडकीपाशी जात नाहीस. सासू बाळाला घेते तेव्हा तुला बरं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते. खरं की खोटं?"

"अहाहा!" गर्दीतून उसासा उठला. टॅक्सीवाल्याने डोळे पुसले.

"अहो, थांबा," आई म्हणाली.

"माते, इथे बोलायचं नसतं."

"नसतं तर नसतं! अहो बाबा, ही माझी मोठी लेक. शेहेचाळीस वर्षांची आहे. हिची पिशवी काढून चार वर्षं झाली! हिला कुठलं बाळ? हिचा मुलगा दाढी करतो आता!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि त्यांचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला. दोन बोटं कापसावर दाबली गेली, नजर वर छताकडे गेली.

दुभाषीबाईंनी ती खूण ओळखली. ओळखायला अंतर्ज्ञान लागलं नाही. फोनवरून काम करताना कानातल्या यंत्रात आवाज नीट आला नाही, की त्यांच्या ऑफिसातला प्रत्येक जण अगदी असाच बसतो. त्या स्वतःही अशाच बसत.

"बाबा, जरा माफ करा हं," म्हणून त्यांनी पुढे वाकून कापसाचा बोळा ओढला. त्याच्याबरोबर शेंगदाण्याएवढं यंत्र बाहेर आलं. शांत हॉलमध्ये त्यातला बारीक, घाबरलेला आवाज पहिल्या तीन रांगांना स्वच्छ ऐकू आला:

"चष्मेवाली नव्हे हो! शेजारची असेल, शेजारची! पण आवाज तर चष्मेवालीचाच होता!"

मग मागच्या खोलीचं दार उघडायला कुणाची परवानगी लागली नाही. आत मुकादम होता, त्याच्यासमोर पाच फोन ओळीने मांडलेले, एकेका बाकाचा एकेक. बाकावरच्यांच्या मांडीवरचे फोन सकाळपासून चालूच होते. पाच भाषा कळणाऱ्या माणसाने ऐकायचं आणि बाबांच्या कानात सांगायचं. त्याने दुभाषीबाईंचा आवाज टेबलाशी ऐकला होता, बाकावरून पुन्हा ऐकला आणि दुःख आवाजाच्या नावावर मांडून टाकलं. दुभाष्यांची रीत त्याला ठाऊक नव्हती.

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. "मला म्हणाले, फोन चालू ठेवा, बाबांची स्पंदनं येतात. मी तर फक्त विचारायचे हो, काय होतंय म्हणून."

बाबा मागच्या जिन्याने गेले. न सांगता.

पण गर्दी खूश झाली म्हणाल, तर नाही. एक दणकट हमाल दुभाषीबाईंच्या अंगावरच आला. "तुमचं काय गेलं होतं, बाई? मला झोप लागायला लागली होती इथे!"

"झोप बाबांपुढे आली, की बाकावर?"

हमालाने विचार केला. "बाकावर... आमच्या भाषेचा एक म्हातारा असतो. त्याच्याशी तासभर बोललो. आई गेली तेव्हा मला गावी जाता आलं नाही, ते कुणाला सांगितलंच नव्हतं."

"मग बाबांनी काय केलं?"

"मी सांगितलेलं मलाच सांगितलं," हमाल हळू म्हणाला. मग पुन्हा तावातावाने म्हणाला, "पण तुमच्या हॉस्पिटलात आम्हाला आमच्या भाषेत विचारतं कोण?"

"दुभाषी मागायचा हक्क आहे तुम्हाला," दुभाषीबाई म्हणाल्या. "फुकट. बाईला बाई मागायचाही आहे. हे कुणी सांगत नाही, ही आमची चूक. आणि टोपलीतली औषधं घेऊन जा, आपापल्या औषधाचं नाव वाचून. मनाने पुन्हा सुरू करू नका, उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचारा."

टोपलीभोवती झुंबड उडाली. भावजय मात्र जागची हलली नाही. तिने आपल्या भाषेत विचारलं, "ताई, मी वाईट आई आहे का?"

"आजारी आहेस," दुभाषीबाई म्हणाल्या. "आणि हे मी तुला आधी विचारायला हवं होतं."

हे त्यांनी आईला भाषांतर करून सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. तिने सुनेचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मंगळवारी मीही येणार."

सोमवारी दुभाषीबाईंनी आपल्याच ऑफिसात भांडून एक बाई दुभाषी मिळवली, फोनवरची नव्हे, खुर्चीवरची. त्यासाठी अर्ज लागला, अर्जावर कारण लागलं आणि साहेबांनी "बाईच कशाला?" हे पाच वेळा विचारलं. मंगळवारी भावजय आत गेली. दुभाषीबाई नियमाप्रमाणे बाहेर बसल्या. बाळ आईच्या मांडीवर. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पन्नास झाली. मग घरच्यांना आत बोलावलं.

डॉक्टर, वयाने लहानशाच, सावकाश बोलल्या आणि थांबून थांबून, म्हणजे भावजयीला तिच्या भाषेत कळायला वेळ मिळेल. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना हा आजार होतो. बाळ पडेल असे विचार येतात, याचा अर्थ आईला तसं करायचं असतं असा नाही. यावर औषध आहे, अंगावर पाजताना चालतं असं. दर आठवड्याला येऊन बोलायचं, हीच दुभाषी असेल. गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर तिला एकटीला टाकायचं नाही, आणि फार घाबरं वाटलं तर तारखेची वाट न बघता त्याच क्षणी यायचं.

"आणि आजी, खिडकीपाशी जायला ती घाबरते, तर बाळाला तिथे तुम्ही न्या. ती तुमच्याशेजारी उभी राहील. तुम्ही घेतलंत की तिला बरं वाटतं, तर घ्या. त्यात लाज कसली?"

आईचे डोळे विस्फारले. जुनी सवय एका रविवारात जात नाही. तिने पुढे सरकून, दबल्या आवाजात, जवळजवळ हात जोडून विचारलं, "डॉक्टर, हे सगळं तुम्हाला कसं काय कळलं हो?"

डॉक्टरांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी भावजयीकडे पाहिलं, दुभाषीकडे पाहिलं.

"त्यांनी सांगितलं," त्या म्हणाल्या.

वाचकहो, एवढंच. ज्याला न सांगता कळतं त्याच्यापासून चार हात लांब राहा, आणि जो विचारतो त्याच्याकडे जा. तो तुमच्या भाषेत विचारत नसेल, तर तसं विचारायला त्याला भाग पाडा; तो तुमचा हक्क आहे. आणि तुमच्या घरात कुणी फार दिवस गप्प असेल, तर आज जेवण झाल्यावर तुम्हीच विचारा.